लाल ठिपका, हिरवा ठिपका

मित्रांनो, मी एका वेबसाइटचा डॅशबोर्ड आहे. वय सहा वर्षं. माणसांत हे वय शाळेत जायचं, पण आमच्यात म्हातारपणाचं, तेव्हा मला जुना म्हटलंत तरी माझी हरकत नाही. तुम्ही वेबसाइट बघता ती तिची पुढची बाजू, दुकानाच्या काचेसारखी. मी मागची बाजू. पासवर्ड टाकून आत येणाऱ्यांनाच मी दिसतो. पुढे कितीही सजावट असो, सगळं काम माझ्यापाशी चालतं.

आमची वेबसाइट आजारी माणसांना सामान वापरायला देणाऱ्या एका केंद्राची आहे. चाकाची खुर्ची, वॉकर, वरखाली होणारी खाट, ऑक्सिजनचं यंत्र. गरज असेल त्याने अर्ज भरायचा, वस्तू न्यायची, बरं वाटलं की परत आणून द्यायची. केंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल आणि संगणक, मागच्या खोलीत घडीच्या खुर्च्या आणि कुबड्यांचा ढीग. तिथे फिनाइलचा वास येतो असं येणारा प्रत्येकजण म्हणतो. मला वास कळत नाही.

केंद्र चालवते एक निवृत्त परिचारिका. तिला सगळे सिस्टर म्हणतात. माझ्यापुढे बसतो तो तिचा धाकटा भाऊ. त्याने आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या आणि आता चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करतो. सिस्टरची मुलगी त्याला मामा म्हणते, म्हणून सगळेच मामा म्हणतात.

मला ज्या प्रोग्रामरने बनवलं तो घाईत होता. रंगांचा विचार करायला त्याला सवड नव्हती, म्हणून मी जन्मलो तो राखाडी. पण त्याने प्रत्येक वस्तूपुढे स्पष्ट शब्द लिहिले होते. 'तयार'. 'बाहेर'. 'दुरुस्तीत'. मामांनी दोन बोटांनी टाइप करत मला पंधरा दिवसांत आपलंसं केलं. पुढची चार वर्षं आमच्या हातून एक चूक झाली नाही. संध्याकाळी संगणक बंद करताना मामा म्हणायचे, "चला, झालं आजचं." माझं कौतुक म्हणाल तर एवढंच. मला ते पुरायचं.

मग सुट्टीला मामांची भाची, म्हणजे सिस्टरची मुलगी, घरी आली. जाहिरातीच्या कचेरीत चित्रं आणि अक्षरं जुळवण्याचं काम करते ती. हुशार मुलगी, मनाने चांगली. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी तिच्यावर चिडणार आहे.

"काय हे मामा," ती मला बघून म्हणाली, "वीजबिलासारखं दिसतंय. दिवसभर तुम्ही याच्याकडे बघता?"

"काम होतंय ना," मामा म्हणाले.

"काम होईलच. पण जरा बरं दिसलं तर काय बिघडेल? आणि यात कोड वगैरे काही लिहावा लागत नाही. बघा."

तिने एक तयार प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, माझ्यात बसवलं. सेटिंग्जमध्ये 'रंग' नावाचं नवं पान आलं. त्यावर चौकोनांची रांग होती. हा वरच्या पट्टीचा, हा बाजूच्या यादीचा, हा बटणांचा. चौकोनावर क्लिक केलं की रंगांचं चक्र उघडायचं, त्यात बोट ठेवाल तो रंग मला चढायचा. आवडला तर 'जतन करा'. तासाभरात माझी पट्टी गर्द हिरवी झाली आणि बटणं गोल झाली. इथवर माझी तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर मला थोडं बरंच वाटलं.

पण मग तिने माझे शब्द काढले.

"किती गर्दी आहे ही," ती म्हणाली. प्लगिनमध्ये शब्दाऐवजी ठिपका दाखवायची सोय होती. 'तयार'च्या जागी हिरवा, 'दुरुस्तीत'च्या जागी लाल, 'बाहेर'च्या जागी राखाडी. "एका नजरेत कळतं. दिसतंय ना नीट?"

मामा पडद्याकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, "झकास."

मी रोज त्यांच्या समोर असतो. झकास म्हणताना त्यांचे डोळे यादीवरून दोनदा वरखाली फिरले आणि कुठेच थांबले नाहीत. ते मी पाहिलं, भाचीने नाही. ती तोवर माझ्या कडा गोल करण्यात रंगली होती.

भाची गेली, पण ते रंगांचं पान राहिलं. कोड लागत नाही म्हटल्यावर काय, जो तो हात साफ करू लागला. सिस्टरला वाटलं, इस्पितळाच्या पडद्यासारखा फिका रंग डोळ्यांना थंड वाटेल. मी फिका झालो. मदतीला येणाऱ्या कोणाला तरी काळा आवडायचा. मी काळा झालो. एकदा चुकून 'जतन करा' दाबलं गेलं आणि आठवडाभर मी जांभळा होतो. कोणी माझ्यापुढे बसून दहा अर्ज भरून बघितले नाहीत. दोन पावलं मागे सरकायचे, मान तिरकी करायचे आणि "आता छान" म्हणून चहाला जायचे. मला वैताग आला होता. भिंतीला रंग देतानासुद्धा त्या खोलीत कोण झोपतं ते विचारतात.

आणि या सगळ्यात ते लाल-हिरवे ठिपके जसेच्या तसे राहिले.

मामांनी कोणाला काही सांगितलं नाही. त्यांनी एक वाट शोधली. वस्तूच्या नावावर क्लिक केलं की तिचं स्वतंत्र पान उघडतं, आणि त्या पानावर जुना शब्द अजून होता. ते प्रत्येक वस्तू उघडायचे, वाचायचे, बंद करायचे. जे काम एका नजरेचं होतं त्याला अर्धं मिनिट लागू लागलं. एका दिवसात मी दोनशे क्लिक मोजले. सिस्टर म्हणायची, "अलीकडे तू फार रेंगाळतोस." मामा हसून म्हणायचे, "वय झालं."

मला ओरडून सांगायचं होतं. माझ्यापाशी इशाऱ्याची घंटी आहे, पण ती फक्त पासवर्ड चुकला तर वाजते.

आणि मग तो दिवस आला. तापाची साथ होती. सकाळपासून एकेचाळीस अर्ज, टेबलावरचा फोन थांबत नव्हता. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या मुलीने ऑक्सिजनचं यंत्र मागितलं. मागच्या खोलीत दोन यंत्रं उरली होती. तीन नंबरचं तयार, चार नंबरचं दुरुस्तीत. यंत्रांवर फक्त नंबर असतात. कोणतं चालतं आणि कोणतं नाही, ते माझ्याकडे बघून कळायचं.

मामांनी फोन खांद्याने कानाला दाबून धरला होता. पलीकडून कोणीतरी खाटेचा पत्ता सांगत होतं. माउसचा बाण चार नंबरवर येऊन थांबला. मला वाटलं, आता उघडतील, वाचतील. तेवढ्यात दारात दोन माणसं वॉकर मागायला उभी राहिली. मामांनी पान उघडलं नाही. ठिपक्याकडे बघितलं आणि 'पाठवा' दाबलं.

त्या क्षणी मी लाल होतो, मित्रांनो. मला जेवढं लाल होता येतं तेवढा होतो. दुरुस्तीतली वस्तू निघाली तर मी अडवायला हवं होतं, पण ते मला शिकवायचं राहून गेलं होतं.

यंत्र पाऊण तास चाललं आणि बंद पडलं. मुलीचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. सिस्टरने तीन नंबरचं यंत्र उचललं, शेजाऱ्याच्या गाडीत टाकलं आणि स्वतः गेली. मुख्याध्यापकांचे ओठ निळे पडले होते. त्यांना दोन दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. वाचले.

परत आल्यावर सिस्टर भावासमोर उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही.

"समोर लाल ठिपका होता. तुझे डोळे कुठे होते?"

मामांनी मागच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "उद्यापासून मी येत नाही," ते म्हणाले आणि निघून गेले.

शनिवारी सिस्टरने भाचीला बोलावून घेतलं. माझ्यात काही बिघाड आहे का ते तिला बघायचं होतं. बिघाड नव्हता. पण माझ्यात प्रत्येक क्लिकची नोंद राहते, ती भाचीने उघडली. ती बराच वेळ वाचत होती. मग तिने मामांना फोन करून बोलावलं, आणि ते आले तेव्हा शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"मामा, सहा महिने तुम्ही प्रत्येक वस्तू उघडून बघताय. ठिपका असताना का?"

मामा पडद्यावरची धूळ बोटाने पुसू लागले.

"यातला लाल कोणता, सांगा."

"ठिपके आहेत ते दिसतं," मामा म्हणाले. "कोणता कुठला, ते कळत नाही. मला दोन्ही मातकट दिसतात."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

सिस्टर दारात होती. ती आत आली. "तू रेल्वेचा चालक होणार होतास," ती म्हणाली. "लेखी परीक्षेत नापास झालास."

"लेखी पास झालो होतो. रंगांच्या तपासणीत काढलं."

"बाबा दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाहीत."

"हो," मामा म्हणाले. "अभ्यास केला नाही म्हटलं तर पोरगा पुढे सुधारेल, अशी आशा तरी राहते. डोळ्यांचं काय सांगणार होतो?"

दुरुस्तीला आलेली एक चाकाची खुर्ची तिथे होती. सिस्टर तिच्यात बसली. "बत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी, आणि घरातले डोळे ओळखले नाहीत," एवढंच ती म्हणाली. नंतर तिने टेबलावरची किल्ली उचलली आणि भावाच्या शर्टाच्या खिशात टाकली.

भाचीने माझं रंगांचं पान उघडलं आणि माउस मामांच्या हातात दिला. मामांनी चक्र हळूहळू फिरवलं, सायकलच्या चाकाची डगमग तपासावी तसं. 'तयार'ला गडद निळा, 'दुरुस्तीत'ला भडक पिवळा, आणि पुढे माझे शब्द, मोठ्या अक्षरांत. त्या दोन रंगांची वरच्या पट्टीशी जी जुगलबंदी झाली ती बघून भाचीने ओठ चावला, पण मामांना 'जतन करा' दाबू दिलं. प्रोग्रामरला फोन करून दुरुस्तीतली वस्तू अडवायचंही तिने मला शिकवून घेतलं.

माझा वैताग संपला असं नाही. ते पान उघडंच आहे आणि माणसांना रंगांचा मोह आवरत नाही. गेल्या महिन्यात एक निवृत्त ग्रंथपाल बाई मदतीला आल्या. तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझे चौकोन उघडले आणि पिवळ्यावर क्लिक केलं. मामा जमिनीवर बसून चाकात तेल घालत होते.

"बाई, जरा थांबा," ते तिथूनच म्हणाले. "मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. रंग खुशाल बदला, पण मला दाखवून."

बाईंनी माउसवरचा हात काढला आणि त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली. मामा हात पुसत येऊन बसले. "हा?" बाईंनी विचारलं. मामा थांबले. बाई पण थांबल्या.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात असं एखादं पान येईल. रंगवा, मजा करा. फक्त 'जतन करा' दाबण्याआधी, जो माणूस तिथे रोज बसणार आहे त्याला शेजारी बसवा. आणि विचारल्यावर तो लगेच बोलला नाही, तर घाई करू नका.