दोन कुलुपांची थंड पेटी

मित्रांनो, मी एक जुनी थंड पेटी आहे. पण माझ्या पोटात दह्याची वाटी किंवा आमरसाचं पातेलं कधी गेलं नाही, तेव्हा मला तुमच्या घरच्या फ्रीजची बहीण समजू नका. मी लसींची पेटी. झाकण वर, पोट खोल आणि भिंतींच्या आत चारही बाजूंनी बर्फ. वीज गेली तरी मी कितीतरी तास गारवा धरून ठेवत असे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. भंडारा जिल्ह्यात वीज जाते, म्हणून सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशात झाला. जिथे थंडी फुकट मिळते तिथेच थंडी करणारी यंत्रं बनतात, याचं मला अजून नवल वाटतं. जहाज, मालगाडी, ट्रक असं करत मी भंडाऱ्याच्या आरोग्य कचेरीत पोचले. पुढे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा टेबलं, खुर्च्या, पंखे, सगळ्यांची वाटणी झाली. एका पंख्यापायी दोन बाबूंनी आठवडाभर अबोला धरला होता. मला मात्र कोणी मागितलं नाही. मला उचलायला सहा माणसं लागतात, आणि कचेरीत सहा माणसं एका वेळी जागेवर सापडणं कठीण.

माझी देखभाल शोभाताईंकडे होती. त्या विणकरांच्या घरातल्या. मागावरचा धागा ढिला पडला की बोटांना आधी कळतं, तसं माझं दुखणं त्यांच्या तळव्याला आधी कळे. सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला त्या झाकण उघडत, आतला तापमापक पाहत आणि भिंतीवरच्या तक्त्यात आकडा लिहीत. दोन अंशांच्या खाली नको, आठच्या वर नको. अकरा वर्षांत तक्त्याची एक चौकट रिकामी राहिली नव्हती. नागपूरहून तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले होते, "पेटी अशी पाहिजे." शोभाताई पदराचं टोक चाळवत हसल्या. मी नुसतीच घुरघुरले, दुसरं मला येत नाही.

मग एका वर्षी, पावसाळा सरता सरता, गावांमधून घटसर्प आला. हा मुलांच्या घशाचा रोग. घशात पांढरट पापुद्रा धरतो आणि श्वासाची वाट बंद करत नेतो. त्यावर प्रतिविषाचं इंजेक्शन लागतं, तेही लवकर. उशिरा दिलं तर त्याचा जोर राहत नाही. हे औषध फार दुर्मीळ. कुठून कुठून मागवून त्याच्या तीस कुप्या आल्या आणि माझ्या पोटात ठेवल्या गेल्या. मला वाटलं, आपल्या जन्माचं सार्थक झालं.

तिथेच माशी शिंकली.

आमच्याकडे दोन मोठे साहेब होते. गभणे साहेबांकडे गावं आणि लसी, निंबार्ते साहेबांकडे दवाखाना आणि खाटा. दोघांच्या कचेऱ्यांमध्ये एक भिंत आणि भिंतीत एक फाटक. औषध आलं त्या दिवशी खोका हातात धरलेला निंबार्ते साहेबांचा फोटो पेपरात छापून आला. गभणे साहेबांनी तो पेपर माझ्याच झाकणावर आपटला.

"पेटी माझी, गाडी माझी, धावपळ माझी. अन् फोटो कोणाचा? आता औषध पाहिजे तर त्यांना म्हणा, स्वतःच्या सहीचं मागणीपत्र पाठवा!"

निरोप फाटकातून पलीकडे गेला आणि उत्तर परत आलं. "मी नोकरीत त्याच्यापेक्षा सहा वर्षं आधीचा आहे. मी त्याच्याकडे मागू? डब्बा सांभाळणाऱ्याकडे?"

मित्रांनो, डब्बा म्हणजे मी.

दोघांनी एकमेकांच्या तक्रारी वर पाठवल्या. वरच्यांनी त्या वाचल्या की नाही, कोण जाणे. पण हुकूम आला, की औषध दोघांच्या संयुक्त ताब्यात राहील. मग एक मिस्त्री आला, त्याने माझ्या अंगाला भोकं पाडून दोन कडी-कोयंडे ठोकले आणि त्यांत दोन कुलुपं अडकवली. एक चाबी गभणे साहेबांच्या खिशात, दुसरी निंबार्ते साहेबांच्या खिशात. दोघं समोर असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

पहिले चार दिवस दोघं आले. पाचव्या दिवशी गभणे साहेब आधी आले आणि त्यांना दहा मिनिटं उभं राहावं लागलं. सहाव्या दिवशी ती पाळी निंबार्ते साहेबांवर आली. सातव्या दिवसापासून नवा रिवाज पडला. दोघंही आपापल्या खुर्चीत बसून शिपायाला धाडत, "ते पोचले का पाहून ये." शिपाई पाहून येई. "नाही आले, साहेब." तोवर पलीकडचा शिपाईही तेच सांगायला माघारी गेलेला असे.

माझा तापमापक झाकणाच्या आत. शोभाताई दहा वाजता येत, कुलुपांकडे पाहत, माझ्या कुशीवर तळवा ठेवत आणि तक्त्याची चौकट रिकामी सोडून जात. त्या रिकाम्या चौकटी मला कुलुपांपेक्षा जास्त टोचल्या.

अशातच एका दुपारी आंधळगावाकडून मंगरू आला. शेतमजूर माणूस, पायाला चिखल तसाच. त्याची सात वर्षांची हर्षा पलीकडे दवाखान्यात खाटेवर होती. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून त्याला धावत पाठवलं होतं, प्रतिविषाच्या चार कुप्या, ताबडतोब.

"बाई, पोरीचा श्वास वाजून राहिला," तो म्हणाला. "दवाई यातच आहे न?"

"यातच आहे, भाऊ."

"मंग काढा ना."

"दोन चाब्या लागतात."

"मंग आणा ना दोन्ही! कायले थांबून राहिल्या?"

शोभाताई गभणे साहेबांकडे गेल्या. ते म्हणाले, "मी काय नाही म्हणतो का? ते आले की हाक मारा, मी दोन मिनिटांत हजर." त्या फाटकातून निंबार्ते साहेबांकडे गेल्या. ते म्हणाले, "पेटी त्यांच्या आवारात आहे, ताई. आधी त्यांनी जावं, अशी रीत असते." त्या पुन्हा इकडे आल्या. पुन्हा तिकडे गेल्या. चौथ्या खेपेला त्यांना धाप लागली होती. मंगरूने माझ्यासमोर हात जोडले होते, जणू मी देव.

मी देव नाही, मित्रांनो. देव असते तर झाकण आतून ढकललं असतं.

शोभाताईंनी कोपऱ्यातलं जनरेटरचं लोखंडी हँडल उचललं. मंगरू पुढे झाला. "द्या बाई, मी मारतो."

"तुम्ही मागं सरका, भाऊ," त्या म्हणाल्या. "सरकारी वस्तू मोडाची तर सरकारी माणसानंच मोडली पाहिजे. तुमच्यावर केस होईल. माझ्यावर नुसती नोटीस."

पहिला घाव चुकून झाकणावर बसला आणि खोल पोचा पडला. दुसऱ्याने एक कोयंडा उखडला, चौथ्याने दुसरा. चार कुप्या लसी न्यायच्या निळ्या डब्यात घालून शोभाताई पळाल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पळताना पहिल्यांदा पाहिलं. आधी मात्र त्यांनी तापमापक पाहिला होता. पाच. मी माझं काम सोडलं नव्हतं.

तासाभरात गंमत झाली. दोन्ही साहेब एकाच वेळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मोडतोडीचा पंचनामा होता ना! दोघांच्याही खिशात चाबी होती.

"हे कोणी केलं?"

"मी," शोभाताई म्हणाल्या. "आता दोघं आलेच आहात, तर बाकीच्या कुप्या मोजून घ्या. सव्वीस आहेत."

शोभाताईंना मिळालेल्या नोटिशीवर दोघांच्या सह्या होत्या, शेजारी शेजारी. कुलूप का तोडलं, असा प्रश्न होता. शोभाताईंनी एका ओळीत उत्तर दिलं, "मुलगी वाट पाहू शकत नव्हती." त्यांची बदली लाखनीला झाली. पोचा पडलेलं झाकण नीट बसेना, म्हणून माझी वायर काढली आणि मला मागच्या पडवीत ढकललं. या वेळी सहाही माणसं कशी चटकन सापडली!

दोन महिन्यांनी मंगरू आला. शोभाताईंना द्यायला घरच्या तांदळाची पिशवी आणली होती. सोबत हर्षा होती, वाळलेली, आवाज बसलेला, पण स्वतःच्या पायांवर. बाई इथं नाहीत हे कळल्यावर तो पडवीत माझ्यापाशी थांबला. "हेच ते," तो म्हणाला. "तुही दवाई याच्यातच होती."

हर्षाने माझ्या पोच्यावर तळहात ठेवला. ऊन माझ्यावरच पडत होतं.

"बाबा, हे तं गरम आहे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मंग दवाई आता कुठं ठेवतात?"

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कुणी साहेब होईल, कुणाच्या खिशात चाबी येईल. तेव्हा माझ्यासारख्या पेटीला जपाच, वेळेवर तापमान पाहा, झाकणाचं रबर पुसा. पण सगळ्यात आधी, कोणी हाक मारली की खुर्ची सोडून उठा. पलीकडचा उठला की नाही, ते पाहत बसू नका.