धाकटीच्या लाल गोळ्या

"शेण मी काढायचं, चारा मी कापायचा, आणि ही राणीसरकार गोळी गिळून पडून राहणार!" थोरलीनं गोठ्यातूनच तोफ डागली.

"नर्सबाईंनीच सांगितलंय गं," सासूबाई म्हणाल्या. "धाकटीचं रक्त नवावर आलंय. तुझं अकरा. तू दगडासारखी खणखणीत."

दगड म्हटल्यावर थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. दोघी जावा पाच-पाच महिन्यांच्या पोटुशा, एकाच दिवशी तपासलेल्या. धाकटीला लाल गोळ्यांची पुडी मिळाली आणि हिला नुसता सल्ला, "तुला आत्ता गरज नाही. दोन महिन्यांनी परत रक्त बघू. धाप लागली तर आधीच ये." सल्ला काय चाटायचा? घरात सुना दोन, पण 'बस' म्हणायचं ते एकीलाच!

मग तिनं मनाशी ठरवलं, आपणही रक्त उतरवायचं. ताटातली पालेभाजी गुपचूप कोंबड्यांपुढे जाऊ लागली. भूक मारायला चहावर चहा. विहिरीवरून येताना छाती भात्यासारखी चाले, डोळ्यांपुढे काजवे चमकत. पण एवढ्यात कशाला जायचं? धाकटीपेक्षा एक तरी आकडा खाली यायला हवा होता.

दोन महिन्यांनी नर्सबाईंनी बोट टोचलं.

"आठ."

परीक्षेत पहिली आल्यासारखा थोरलीचा चेहरा उजळला.

"हसतेस काय? धाप लागत नव्हती?"

"लागायची की."

"मग आली का नाहीस? तेव्हाच गोळ्या सुरू केल्या असत्या. आता दिवस थोडे उरलेत. महिन्यात रक्त चढलं नाही, तर मोठ्या दवाखान्यात जाऊन सुया घ्याव्या लागतील. बाळंतपणात रक्त गेलं तर अंगात उरणार काय?"

थोरलीनं अर्धंच ऐकलं. पुडी मिरवत ती घरी आली. आकडा ऐकून सासूबाईंनी तिच्या हातातली बादली काढूनच घेतली.

"बस गं बाई. अजिबात हलायचं नाही."

याच शब्दासाठी ती दोन महिने जळली होती. ती ओसरीवर बसली.

धाकटीचं रक्त आता अकरावर गेलं होतं. "तुम्ही बसा जाऊबाई, धार मी काढते," म्हणत तिनं पदर खोचला आणि गाईशी मोठमोठ्यानं गप्पा मारत ती कामाला लागली. थोरलीला राहवेना. ती भिंतीला धरून उठायला गेली, पण पाय लटपटले आणि ती मटकन खाली बसली.

"मेलीच्या अंगात काय ताकद आलीय," ती पुटपुटली. उभ्या जन्मात पहिल्यांदाच तिला राबणाऱ्या बाईचा हेवा वाटला.