पंडितजी विचार करताहेत

अश्लेषा लॅपटॉप छातीशी धरून शैलेंद्रकाकांचा जिना चढली ती अक्षरशः उड्या मारतच. मागून तिचा भाऊ सुमीत कंटाळलेल्या चेहऱ्याने येत होता. काकांनी बुद्धिबळाचा पट वाचनालयाला द्यायचं ठरवलं होतं आणि तो उचलून न्यायला त्याला बोलावलं होतं.

काकांचा जुना कॉम्प्युटर दिवाळीत कायमचा बंद पडला. त्यातल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामला काका ‘पंडितजी’ म्हणत. बँकेतल्या दिवसांपासूनचा जोडीदार. तो गेला तसा त्यांनी खेळ सोडला आणि अश्लेषाला शिकवणंही सोडलं. आता पट गेला की सगळंच संपलं. तिला तर काकांना अजून एकदाही हरवता आलं नव्हतं.

पंडितजींची कॉपी काकांच्या पेन ड्राइव्हवर होती, पण नव्या विंडोजने त्यांना दारातच अडवलं. ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही.’ “छोड़ ना यार, भंगार आहे ते,” सुमीत म्हणाला होता. झालं, बाई इरेला पेटल्या. शोधून शोधून तिने एक एम्युलेटर मिळवला, म्हणजे नव्या लॅपटॉपच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा प्रोग्राम. पंडितजींना वाटलं आपण आपल्याच घरी आहोत, आणि ते मुकाट्याने सुरू झाले. वर तिने स्पीडही फुल करून ठेवला. काकांना एकदम सुपरफास्ट पंडितजी.

“अरे वा,” काका चष्मा पुसत पुढे सरकले. “तेच रंग, तोच पट.”

त्यांनी प्यादं सरकवलं. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. घोडा काढला, लगेच उत्तर. काका गडबडले, घाईघाईत खेळत गेले आणि बघता बघता वजीर घालवून बसले.

“हे पंडितजी नव्हेत,” ते मागे टेकले. “सुमीत, बेटा, पट बांध.”

“मी बोललोच होतो,” सुमीत म्हणाला.

अश्लेषा पडद्याजवळ सरकली. “पण काका, चाली वेगळ्या आहेत का?”

“चाली त्याच गं. पण आधी माझी खेळी झाली की मी उठून चहा टाकायचो. चहा उकळेपर्यंत ते विचार करायचे, मीपण करायचो. हा तर मागे कुत्रं लागल्यासारखा पळतोय.”

अश्लेषा लॅपटॉपकडे बघत राहिली आणि एकदम हसायलाच लागली. पंडितजींचं डोकं जुनंच होतं, नव्या मशीनवर धावत होतं एवढंच. आणि पळवलं कोणी? तिनेच. तिने एम्युलेटरचा स्पीड कमी केला, मग अजून कमी, मग अजून.

“सगळी दुनिया लॅपटॉप फास्ट करते,” सुमीत पट कागदात गुंडाळत म्हणाला, “आपली मॅडम स्लो करतेय.”

“तू गप रे. काका, एकदाच खेळा. माझ्यासाठी.”

काकांनी नवा डाव मांडला आणि खेळत गेले. मधेच उत्तर यायचं थांबलं. पडद्याच्या कोपऱ्यात ‘थिंकिंग’ लुकलुकायला लागलं. लुकलुकतच राहिलं. अश्लेषाने श्वास रोखून धरला. काका पडद्याकडे बघत होते. मग कपाळाला आठी घालून ते सावकाश उठले आणि आत गेले.

संपलं, तिला वाटलं.

तेवढ्यात आतून गॅसच्या लायटरचा आवाज आला.

“अश्लेषा, तुला आलं चालतं ना चहात? आणि सुमीत, तो पट सोड परत. पंडितजींचं आटोपलं की हिला बघतो.”