हिरडीला लावलेले ठिगळ

मित्रांनो, नागपुरात हुडकेश्वरला राहणाऱ्या चंद्रकलाबाईंच्या तोंडात, खालच्या जबड्यात डावीकडे माझे घर आहे. मी एक जुनी दाढ आहे. वरून झिजले आहे, कडेने पिवळी पडले आहे. पण मला सगळे आठवते.

मी हिरडीतून वर आले तेव्हा बाई उमरेडला परकर नेसून हिंडत. घरात हातमाग होता. धागा तुटला की त्यांची आई गाठ मारी आणि उरलेले टोक दाताने तोडी. पाहून पाहून बाईही तसेच करू लागल्या. माझ्या पुढे माझी धाकटी बहीण होती. धागा आमच्या फटीत यायचा, एक झटका बसायचा, तुटायचा. "चंद्रकलाचे दात कैचीपेक्षा तेज आहेत वं," असे बाया म्हणत. आम्हाला केवढा अभिमान वाटे!

वर्षे गेली. बहीण हलू लागली आणि पडली. मी फार एकटी झाले. बाईंचा मुलगा वैभव त्यांना रामदासपेठेत डॉक्टर भैरवीकडे घेऊन गेला. त्यांनी रिकाम्या जागी हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवला. काही महिन्यांत हाडाने त्याला घट्ट धरले, मग त्याच्यावर पांढरी टोपी चढली. असा मला नवा शेजारी मिळाला. स्वभावाने भला, पण माझ्या आत नस आहे, त्याच्या आत नाही. त्याला दुखतच नाही.

बाई पुन्हा भाकर चावून खाऊ लागल्या. साड्यांच्या पदरांना गोंडे करताना पुन्हा धागाही तोडू लागल्या. शेजाऱ्याभोवतीची हिरडी मुळातच पातळ. ती घासून घासून खाली सरकली, आत घाण साचू लागली. एक्स-रे काढला तेव्हा दिसले की त्याच्याभोवतीचे हाड खचत चालले आहे.

"आजी, हिरडी जाड केली नाही तर हाड जाईल," भैरवी म्हणाल्या. "मग हा दात काढावा लागेल. शेजारच्या दाढेचाही भरवसा नाही."

शेजारची दाढ म्हणजे मी! माझी मुळे त्याच हाडात आहेत.

तोंडातल्या टाळूवरून थोडी कातडी काढून ती हिरडीला शिवायची, असे ठरले.

"म्हंजे ठिगळच ना वं, डॉक्टरबाई?"

"ठिगळच. पण जिवंत. खालून रक्त मिळालं तर जगेल, ताण बसला तर मरेल. दाताने धागा बिलकुल तोडायचा नाही."

ठिगळ लागले. बाई ताक-भातावर राहिल्या. वैभवने नवी कैची आणून दिली. टाके निघायच्या आतच शेजारच्या घरातल्या प्रेमिलाबाई साडी घेऊन आल्या. "थोडेसेच गोंडे राहिले, काकू. संध्याकाळी नेसाची आहे मले."

बाईंनी कैची जवळ घेतली. पहिले काही धागे कैचीनेच तोडले. मग गप्पा रंगल्या आणि त्यांचा हात वर येऊ लागला. मी धागा जवळ येताना पाहिला. ओरडावेसे वाटले, पण दाढेला कुठला आवाज? धागा शेजाऱ्याला अडकला. झटका बसला. टाका उसवला आणि गरम रक्त माझ्या मुळाशी आले. शेजाऱ्याला काही कळलेसुद्धा नाही.

बाईंना मात्र कळले. त्यांनी पदराने तोंड पुसले आणि गुपचूप पुढची गाठ मारायला घेतली. पण नात प्रणाली जवळच बसली होती.

"आजी, हा धागा लाल काहून झाला?"

"काही नाही वं, रंग सुटला असंन."

"पांढऱ्या धाग्याले कोणता रंग सुटते? बाबा! इकडे या लवकर!"

वैभव धावत आला. "आई, मंग कैची काय देव्हाऱ्यात ठेवाले आणली होती?"

"हात ऐकत नाही गा माहा," बाई पुटपुटल्या. "डॉक्टरबाई रागावतीन. उद्या जाऊ ना."

"उद्या नाही. आता. चप्पल घाल."

भैरवींनी दिवा तोंडावर धरला आणि छोट्या आरशाने ठिगळ सगळीकडून पाहिले. ठिगळाची एक कड पांढरी पडली होती. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मला माझ्या मुळाखालचे हाड आताच निसटल्यासारखे वाटत होते.

"कड गेली," भैरवी म्हणाल्या. "मधला भाग अजून गुलाबी आहे. लगेच आलात म्हणून. उद्या आला असतात तर कदाचित काहीच उरलं नसतं."

त्यांनी पुन्हा टाके घातले. पुढच्या तपासणीपर्यंत प्रत्येक घास मी भीत भीत झेलला. मधला भाग जगला. आता शेजाऱ्याभोवती जाड हिरडीची अरुंद पट्टी आहे आणि नंतरच्या एक्स-रेत हाड आणखी खचलेले दिसले नाही. गेलेले हाड मात्र परत आले नाही. बाई गोंडे करतात तेव्हा प्रणाली समोर बसते. हात वर जाऊ लागला की नुसती खाकरते.

मित्रांनो, तुमच्या तोंडातही आम्ही राहतो. आम्हाला बोलता येत नाही. दात घासताना फेस लाल दिसला तर तो आमचा निरोप समजा. चूळ भरून तो वाहून जाऊ देऊ नका. त्याच दिवशी घरात कोणाला तरी सांगा. ओरडा बसेल, बसू द्या.