सेक्टरात एकच म्हातारी

देवीदासनं सायकल स्टँडवर इतक्या जोरानं लावली की घंटी आपोआप वाजली. सकाळपासूनचं हे सहावं दार. भाऊराव बनियनवरच बाहेर आला. रात्रपाळी करून नुकताच डोळा लागलेला दिसत होता.

"भाऊराव, तुह्या घरी कोनी म्हातारी आहे का?"

"म्हातारी?" भाऊराव डोळे चोळत म्हणाला. "कावून?"

"मायचं पितर आहे आज. वर्ष झालं ना तिले. पितरीण पाहिजे जेवाले."

"माही माय तं गोंदियाले हाये बाप्पा. धानाची शेती कोन पाहीन? इथं आनून ठेवतो कुठं तिले, छातीवर?"

हे असंच. सहाही घरांत उत्तर एकच. कोणाची गोंदियाला, कोणाची गुंटूरला, कोणाची लुधियान्याला. त्रेसष्टचा भाद्रपद होता. पोलाद कारखान्याच्या वसाहतीचं हे सेक्टर होऊन चार वर्षंही झाली नव्हती आणि इथली सगळी माणसं भरतीच्या वयाची होती. चाळिशीच्या बाईला इथं थोरली म्हणत. रांगेनं दोनशे क्वार्टर, प्रत्येकात पाळणा, आणि एकाही उंबऱ्यावर पाय पसरून तांदूळ निवडत बसलेली म्हातारी नाही. असलं कसलं गाव वसवलं लोकांनी, देवीदास मनातल्या मनात चरफडला.

श्यामरावचं, म्हणजे गावाकडच्या थोरल्या भावाचं, कार्ड त्याच्या खिशात होतं. 'माय तुझ्याकडे गेली, तेव्हा पितर तुझ्याकडेच. बाई आपल्यातली पाहावी, विधवा असावी, मायच्या वयाची असावी. ती जेवून उठेपर्यंत घरात कोणी तोंड उष्टं करू नये.' तुमसरजवळच्या खेड्यात बसून हे लिहायला काय जातं? तिथं हाक मारली तर दहा म्हाताऱ्या येतील आणि पाच रुसून बसतील.

सकाळी सत्यभामा वडे तळता तळता म्हणाली होती, "अजी, आयका ना. चिंचेखाली भाजी घेऊन बसते ते गुलाबबाई हाये ना. तिले बोलवा."

"ते भाजीवाली? मायच्या जागी?" देवीदास उखडला होता. "ना आपल्या जातीची, ना आपल्या बोलीची. श्यामदादाले काय सांगू?"

सत्यभामानं झारा कढईवर आपटून तेल निथळवलं आणि पुढचा वडा सोडला.

आता अकरा वाजून गेले होते. दोन वाजता त्याला कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर हजर व्हायचं होतं. घरी दोन्ही पोरं उपाशी होती. त्यानं सायकल सरदारजीच्या क्वार्टरकडे वळवली. सरदारजी ड्यूटीवर होता, बायको दारात आली. देवीदासनं तोच प्रश्न हिंदीत विचारला.

"हमारी बीजी तो गाँव में हैं, भाईसाहब. इस सेक्टर में एक ही माँजी थीं. आपकी."

एवढं बोलून ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिनं आतून आपला मुलगा ओढत आणला आणि त्याचे दंड दाबून दाखवले. याला पहिले चाळीस दिवस तुमच्या माँजींनी न्हाऊ घातलं, म्हणाली. मला तर हातात धरायचीही भीती वाटायची.

देवीदासला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो मान डोलावून निघाला.

पुढच्या गल्लीतल्या राव बाबूंकडेही तेच झालं. त्यांची बायको पहिलं मूल गेल्यावर आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती. तेव्हा देवीदासची माय, तुळसाबाई, रोज येऊन तिच्या पायाशी बसायची. हिला तेलुगू कळत नव्हतं, तिला मराठी. नवव्या दिवशी ती उठून भात जेवली. राव बाबूंनी हे सांगताना चष्मा काढून पुसला. देवीदासच्या रागाला मात्र आणखीच चूड लागली. गोष्ट सगळ्यांकडे होती, म्हातारी कोणाकडेच नव्हती.

आणि त्याच्याकडे काय होतं? त्याच्याकडे त्यानं मायला घातलेली बंदी होती. "हे गाव नाई, माय. इथं बिनकामाचं कोनी कोनाच्या घरी जात नाई. मले साहेबलोक हासतात." नऊ बाळंतपणं काढून चार मुलं जगवलेली, अडतिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झाल्यावर लोकांच्या बांध्यांत धानाची रोवणी करून घर उभं ठेवलेली, पंचक्रोशीतली निम्मी पोरं जिच्या हातावर जन्मली अशी बाई. पॅसेंजरमधून येताना तिनं जातं पोत्यात बांधून आणलं होतं. दुर्ग स्टेशनवर हमाल म्हणाला, माताजी, इसमें लोहा है क्या? ती म्हणाली, लोहा तुमच्याकडे, आमच्याकडे दगड. चार दिवस सगळ्यांना सांगून हसत होती. मग तिचं हसणं कमी झालं.

"देवीदास, इथं माह्या वयाचं कोनीच नाई रे," एकदा म्हणाली होती.

"मंग काय भरती काढू म्हाताऱ्यांची?" तो बोलून गेला होता.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण शेवटच्या दिवसाचं काय करायचं? गेल्या श्रावणात तो शिफ्टला निघाला होता आणि माय फाटकातून बाहेर पडत होती. तिच्या पदराला गाठ दिसली. त्यानं सोडायला लावली. आत भाकर आणि मिरचीचा ठेचा.

"घरात खायाले कमी पडते का तुले? चोरून कावून नेतं? लोक म्हनतीन, सून उपाशी ठेवते."

शेजारच्या दोन बाया पाहत होत्या. तुळसाबाई मागे वळली. आत गेली, भाकर टोपलीत ठेवली. त्या संध्याकाळी भूक नाही म्हणाली आणि सकाळी उठलीच नाही.

माय उपाशी गेली. वर्षभर हे एवढंच त्याच्या छातीत रुतून बसलं होतं. आज तिला पोटभर जेवू घालायचं होतं आणि या भरल्या गावात तिच्या नावानं दोन घास खाणारं तोंड मिळत नव्हतं.

साडेबारा वाजले. त्यानं खिशातलं कार्ड काढलं, पुन्हा वाचलं, चुरगाळून खिशात कोंबलं आणि चिंचेकडे सायकल मारली.

सेक्टर व्हायच्या आधी इथं जे गाव होतं, त्यातली ही एक चिंच तेवढी उरली होती. गुलाबबाई तिच्या मुळाशी लाल भाजीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसली होती. तिचं गावही गेलं होतं. आता ती तलावापलीकडच्या झोपडीत राहायची. देवीदास रोज दोनदा तिच्यासमोरून जायचा. तिचे केस इतके पांढरे आहेत हे त्यानं आज पाहिलं.

"दाई," इथले लोक आईला म्हणतात तशी हाक मारत तो खाली न उतरताच म्हणाला. मग लाज वाटून उतरला. "घर चलो. खाना खाना है."

म्हातारीनं त्याच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं.

"तुलसा के घर?"

"हाँ."

तिनं का, कशाला, काही विचारलं नाही. टोपलीवर ओलं फडकं टाकलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि चालू लागली. तो सायकल हातात धरून मागून गेला.

सत्यभामानं तिला पाहिलं आणि नवऱ्याकडे न बघता पाण्याचा तांब्या आणला. पाय धुतले. पाट मांडला, पत्रावळ वाढली. पुरणपोळी, वडे, कढी, कोहळ्याची भाजी, खीर. देवीदासनं मायच्या नावानं विस्तवावर घासाची आगारी टाकली, तूप चरचरलं, आणि तो पाटासमोर डोकं टेकवून उठला.

"जेवा, दाई."

गुलाबबाईनं पुरणपोळी उचलली, मधोमध मोडली आणि अर्धी पत्रावळीच्या कडेला सरकवली. मग वडा उचलला. तोही मोडून अर्धा तिथंच ठेवला.

देवीदासला वाटलं, नातवंडांसाठी बाजूला काढते आहे. "सब आपके लिए है, दाई. घर के लिए अलग बाँध देंगे."

"ये आधा ओकर आय," म्हातारी म्हणाली.

"किसका?"

"तुलसा के. रोज रोटी लानय. आधा मोला देवय, आधा अपन खावय. मोर संग बइठ के." तिनं कडेची अर्धी पोळी बोटानं नीट केली. "ओ दिन नइ आइस. मैं साँझ तक रद्दा देखत रहेंव."

चुलीपाशी सत्यभामाच्या हातातला पळा तसाच राहिला. देवीदास भिंतीला टेकला. टोपलीत परत गेलेली ती भाकर दोघींची होती. त्या दिवशी चिंचेखालीही कोणीतरी संध्याकाळपर्यंत वाट पाहत उपाशी राहिलं होतं आणि ते त्याला आज, वर्षानं कळत होतं. सेक्टरातल्या दोनशे घरांत मायला जे माणूस सापडलं नाही, ते तिनं फाटकाबाहेर शोधून काढलं होतं. त्यानं तेवढंही तिच्या पदरातून काढून घेतलं.

कारखान्याचा भोंगा वाजला. दीड. सत्यभामानं दाराशी टांगलेल्या डब्याच्या पिशवीकडे पाहिलं.

गुलाबबाई हात आवरून बसली होती. पुढ्यातलं जेवण निवत होतं, तरी ती घास घेईना. दोघींपैकी एकीनंच आधी जेवायची तिला सवयच नसावी.

देवीदासनं पिशवीकडे पाठ केली. म्हातारीसमोर जमिनीवर मांडी घातली. कडेची अर्धी पोळी उचलली. पहिला घास तो नुसताच चावत राहिला आणि डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही.

मग म्हातारीनं आपली पोळी कढीत बुडवली आणि जेवायला लागली.