नदीपात्रात उतरताना

विमानाच्या समोरच्या काचेवर तेलाचा ओघळ दिसला तेव्हा व्हर्नाने तो बाहीने पुसून पाहिला. ओघळ बाहेरून होता. मग तिची नजर तेलाच्या दाबाच्या काट्यावर गेली. काटा हळूहळू खाली येत होता.

शेजारी क्लाइड मांडीवर टोपी घेऊन बसला होता. लग्नानंतर त्यानेच तिला विमान चालवायला शिकवलं होतं. अलास्कातल्या त्यांच्या गावाला रस्ता नव्हता, विमानावाचून तिथे दूधसुद्धा येत नसे. आता क्लाइडला स्वतःचं आडनाव आठवत नव्हतं, आणि व्हर्ना त्याला अँकरेज शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायला निघाली होती. त्याला मात्र डॉक्टरकडे जायचंय एवढंच सांगितलं होतं.

“क्लाइड, तेल गळतंय.”

“गळू दे. घरी गेल्यावर बघतो.”

पुढे काय करायचं ते तो सांगेल म्हणून ती सवयीने क्षणभर थांबली. तो खाली नदीकडे बघत होता.

तिने इंजिनाचा जोर कमी केला आणि रेडिओ उचलला.

“कुणी आहे का जवळपास? मी व्हर्ना. इंजिन जातंय. नदीच्या मोठ्या वळणाखाली गोट्यांवर उतरतेय.”

“ऐकलं गं, मी रॉस्को,” गावात शेजारी राहणाऱ्या रॉस्कोचा आवाज आला. “म्हातारबुवा आहेत बरोबर?”

“आहेत.”

“येतोच. तू फक्त विमान सांभाळ.”

इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. पंखा समोर आडवा थांबला. वेग जाऊ नये म्हणून तिने विमानाचं नाक खाली दाबलं. वाऱ्याच्या आवाजात खट्‌कन काहीतरी वाजलं. क्लाइडने पट्टा सोडला होता आणि त्याचा हात दाराच्या कडीवर होता.

“अरे, कुठे निघालास?”

“घरी. मला इथंच सोड.”

तिने उजव्या हाताने त्याचं मनगट पकडलं. आता उतरताना वेग कमी करणाऱ्या पंखांच्या झडपा खाली घ्यायला हातच उरला नाही. समोरची काच तेलाने काळी झाली होती. ती बाजूच्या खिडकीतून पाण्याकडे बघत खाली येऊ लागली.

“सोड! दुखतंय मला!” त्याने तिच्या खांद्यावर गुद्दा हाणला.

“दुखू दे.”

चाकं गोट्यांवर आदळली, उसळली, पुन्हा टेकली. विमान भेलकांडत पाण्याच्या काठाशी थांबलं. मगच तिने बोटं सैल केली. एकेक करून सोडवावी लागली.

क्लाइड उतरला. त्याने विमानाला एक फेरी मारली, वाकून चाकं पाहिली, पंखावर हलकेच थाप मारली. सगळं अगदी पूर्वीसारखं. व्हर्ना श्वास धरून उभी राहिली.

तो तिच्याकडे वळला आणि अदबीनं म्हणाला, “झकास उतरवलंत हो तुम्ही. कुणी शिकवलं?”



“माझ्या नवऱ्यानं.”

“खडूस असणार.”

“फार.”

तो मनापासून हसला. तीही हसली, आणि मग नदीकडे तोंड करून उभी राहिली.

रॉस्कोचं मोठं विमान गोट्यांच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उतरलं. तो धावत आला. क्लाइडच्या मनगटावरचे लाल वळ त्याने पाहिले. तिला जरा बाजूला नेऊन तो म्हणाला,

“आज घरीच चला दोघं. शहराचं बघू नंतर. मी नेईन की.”

व्हर्नाने आपल्या विमानाकडे पाहिलं. क्लाइडच्या बाजूचा पट्टा दारातून बाहेर लोंबत होता.

“नको,” ती म्हणाली. “अँकरेजलाच ने.”

“व्हर्ना...”

“उद्या माझ्याच्यानं होणार नाही रे.”

मागच्या बाकावर तिने क्लाइडचा पट्टा बांधला, ओढून पाहिला आणि शेजारी बसली. विमान गोट्यांवरून धडधडत सुटलं तसा क्लाइड तिच्या कानाशी वाकला.

“बाई, भीती वाटत असेल तर माझा हात धरा. संकोच नको.”

तिने हात धरला. वळ उठलेला नव्हे, दुसरा.