नीट लावलेली गल्ली

ऑफिसात त्यांना सगळे फूटपट्टीराव म्हणत आणि त्यात चेष्टा कमी, खरेपणा जास्त होता. जन्मभर जमिनी मोजलेला हा गृहस्थ निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवरच्या घरं बांधायच्या गेमच्या नादी लागला, तोही बायकोसाठी. तिची स्मरणशक्ती हळूहळू चालली होती. दुपारी झोपून उठली की राहतं घर तिला परकं वाटायचं आणि ती दाराकडे धाव घ्यायची. मग ते तिला स्क्रीनवर त्यांची जुनी गल्ली दाखवत. ती सगळी मॉडची होती, म्हणजे हौशी लोकांनी गेमसाठी फुकट करून दिलेल्या जोडकामांची. कुणाचा निळा दरवाजा, कुणाचा गंजका जिना, कुणाची कुंपणावरची मांजर, अशी शेकडो मॉड त्यांनी जमवली होती. गल्ली दिसली की ती शांत व्हायची. तिला एवढं तरी ओळखू येतं, या एका आधारावर त्यांचे दिवस निघत होते.

त्या दुपारी ती झोपलेली असताना गेमची नवी आवृत्ती आली. मॉडही नवी उतरवून घ्यावी लागली आणि ते करता करता रावांच्या अंगातली फूटपट्टी जागी झाली. फाइलींची नावं अगदीच गबाळी, पुढे आकडे, मागे रेघा! त्यांनी सगळ्यांना सुटसुटीत नावं दिली. दरवाजे एकीकडे, जिने एकीकडे. मग खुशीत गेम उघडला. गल्लीच्या जागी एकसारखी करडी घरं उभी होती.

मॉडचं वेड लावणाऱ्या पुतणीला त्यांनी फोन केला.

"काका, फाइलींची नावं बदललीत का?"

"नीट केली गं."

"अरे देवा! गेम नावांच्या क्रमानं मॉड वाचतो. ते आकडे त्यासाठीच होते. साध्या घरांचं मॉड आता शेवटी येतंय आणि तुमच्या सगळ्यावर बसतंय. एकेक करून परत लावावं लागेल."

फोन ठेवून ते एकेक नाव परत बदलायला बसले. दरवाजा आला तर जिना गायब, जिना आला तर दरवाजा करडा. इतक्यात आतली खाट करकरली.

"अहो?"

"इथंच आहे मी. पड जरा."

पण पावलं वाजलीच. स्क्रीन बंद करावा, तर ती थेट रस्त्यावर जाणार. मागे एकदा ती चौकात गाड्यांच्या मधोमध सापडली होती. ती येऊन शेजारी बसली.

"अगं, जरा बिघडलंय. ही आपली गल्ली नाही."

ती त्या करड्या भिंतींकडे बघत राहिली. मग चेहऱ्यावर रोजचंच हसू आलं आणि तिनं त्यांचा हात धरला.

"असं काय करता? आपलंच घर आहे की हे!"

म्हणजे निळा दरवाजा तिनं कधी ओळखलाच नव्हता. मग हा हात ती कुणाचा समजते, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.